विश्लेषण : वारसा लेकींचा, मुकुट मात्र पुरुषांचा! मध्ययुगीन इंग्लंडच्या गादीचा वाद सोयरिकींनी कसा पेटवला, कसा मिटवला?

इंग्लंडचा राजा सातवा हेन्री आणि यॉर्क घराण्याची राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न १८ जानेवारी १४८६ रोजी वेस्टमिन्स्टर येथे लागले. तीस वर्षे एकमेकांचे रक्त सांडणारी लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी या सोयरिकीने एक झाली, असे इतिहास सांगतो. मात्र रक्ताच्या नात्याने पाहिले तर इंग्लंडच्या गादीवर हेन्रीपेक्षा त्याच्या नवरीचा हक्क अधिक बळकट होता. हेन्रीचा स्वतःचा हक्कही त्याला आईकडून मिळालेला होता आणि ती आई तेव्हा हयात होती. तरीही राजा झाला तो हेन्रीच. असे का घडले आणि मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लग्न हे सत्तेचे इतके मोठे हत्यार का होते, याविषयी…

या जुन्या भांडणांची चर्चा आज का?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ आणि ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिका भारतात मोबाइलवर मोठ्या प्रमाणात पाहिल्या जातात. पहिलीच्या कथेमागे पंधराव्या शतकातील ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ची, तर दुसरीच्या कथेमागे बाराव्या शतकातील माटिल्डा-स्टीफन यादवीची प्रेरणा आहे. ड्रॅगन सोडले तर त्यातील बरेच काही इंग्लंडमध्ये खरोखर घडले होते : राजकन्येचा डावलला गेलेला हक्क, गुपचूप लागलेली लग्ने, औरस-अनौरस ठरवण्यावरून झालेली भांडणे आणि चुलत भावंडांमधील भाऊबंदकी.

गादीचा वारस ठरवण्याचा नियम काय होता?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर बराच काळ वारसाहक्काचा लेखी नियम असा नव्हताच. राजा होण्यासाठी तीन गोष्टी लागत : राजघराण्याचे रक्त, उमरावांचा पाठिंबा आणि चर्चच्या हस्ते राज्याभिषेक. थोरल्या मुलाने गादीवर बसावे, ही प्रथा हळूहळू रूढ होत गेली. राजाला मुलगाच नसेल, तर मात्र दोन प्रश्न उभे राहत. मुलीला गादीवर बसता येते का? आणि तिला बसता येत नसेल, तर तिच्या मुलाला तिच्या नात्याने गादी मागता येते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील उमरावांनी बहुतेक वेळा ‘नाही’ असेच दिले. दुसऱ्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीनुसार बदलत राहिले. मध्ययुगातील बहुतेक वादांचे मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

माटिल्डाला मुकुट का मिळाला नाही?

विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा नोव्हेंबर ११२० मध्ये ‘व्हाइट शिप’ ही नौका बुडून मरण पावला. मागे उरली मुलगी माटिल्डा. तिचे लग्न जर्मनीच्या सम्राटाशी झाले होते. ११२५ मध्ये ती विधवा झाली आणि हेन्रीने तिला परत बोलावून घेतले. माझ्यानंतर हिलाच राणी माना, अशी शपथ त्याने ११२७ मध्ये सर्व प्रमुख उमरावांना घ्यायला लावली. पुढच्याच वर्षी त्याने तिचे लग्न फ्रान्समधील आंजू प्रांताच्या जॉफ्रीशी लावून दिले. आंजू हे नॉर्मंडीच्या सीमेवरचे जुने वैरी. वैऱ्याशी सोयरीक करून सीमा सुरक्षित करण्याचा राजाचा हिशेब होता. परंतु याच लग्नाने उमराव बिथरले. राणीचा नवरा म्हणून उद्या आंजूचा माणूस आपल्यावर राज्य करील, ही त्यांची भीती होती.

डिसेंबर ११३५ मध्ये हेन्री वारला. माटिल्डा तेव्हा फ्रान्समध्ये होती. तिचा आतेभाऊ स्टीफन याने तातडीने समुद्र ओलांडला आणि तीन आठवड्यांत स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. शपथ घेणाऱ्यांत तोही होता. यातील विसंगती अशी, की स्टीफनचा हक्कही एका स्त्रीकडूनच आलेला होता. त्याची आई अडेला ही विल्यमची मुलगी. म्हणजे राजाच्या मुलीला नाकारून, आधीच्या राजाच्या मुलीचा मुलगा स्वीकारला गेला.

पुढची अठरा-एकोणीस वर्षे यादवीत गेली. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन कैद झाला आणि माटिल्डा मुकुटाच्या अगदी जवळ पोहोचली. पण लंडनकरांनी उठाव करून तिला अभिषेकापूर्वीच शहराबाहेर घालवले. अखेर ११५३ मध्ये तोडगा निघाला. स्टीफनने हयातभर राज्य करावे आणि त्याच्यानंतर माटिल्डाचा मुलगा हेन्री याने गादीवर यावे, असे ठरले. त्यानुसार ११५४ मध्ये दुसरा हेन्री राजा झाला. त्याचा हक्क आईचा होता आणि आई ११६७ पर्यंत जिवंत होती. तिला मुकुट मिळाला नाही, पण तिच्या नात्याने मुलाला मिळाला. पुढे हीच वहिवाट होऊन बसली.

फ्रान्सच्या गादीवर इंग्लंडने दावा कसा सांगितला?

१३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स मुलगा नसताना वारला. त्याची बहीण इझाबेला ही इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची आई. या नात्याने एडवर्ड मृत राजाचा सख्खा भाचा होता. फ्रेंच उमरावांनी मात्र चुलत भावाला गादी दिली. जी गोष्ट स्त्रीकडे मुळात असूच शकत नाही, ती तिला मुलाला देताही येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एडवर्डने १३४० मध्ये स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतले आणि शंभर वर्षांच्या युद्धाला नवे निमित्त मिळाले. इंग्लंडच्या राजांनी ही पदवी थेट १८०१ पर्यंत सोडली नाही.

त्याच एडवर्डने आयुष्याच्या अखेरीस, १३७६ मध्ये, इंग्लंडची गादी पुरुषांच्या वंशातच राहावी अशी तजवीज लिहून ठेवली. म्हणजे परदेशात आईच्या नात्याने हक्क मागायचा आणि घरात नातीचा हक्क बंद करायचा! त्याने ज्या नातीचा मार्ग अडवू पाहिला, तिच्याच वंशाने पुढे इंग्लंड हादरवले.

लँकेस्टर आणि यॉर्क यांचे भांडण नेमके कशाचे?

तिसऱ्या एडवर्डला बरेच मुलगे होते. थोरला बापाच्या आधीच वारला आणि त्याचा मुलगा दुसरा रिचर्ड राजा झाला. बाकीच्यांपैकी तिघे महत्त्वाचे. लायोनेल हा हयात राहिलेल्यांपैकी दुसरा, जॉन ऑफ गॉन्ट तिसरा आणि यॉर्कचा ड्यूक एडमंड चौथा. गॉन्टने लँकेस्टरच्या ड्यूकची मुलगी ब्लँच हिच्याशी लग्न केले आणि तिच्याबरोबर तिच्या बापाची अफाट जहागीरही त्याच्या घरी आली. ‘लँकेस्टर घराणे’ हे नावही अशा रीतीने सोयरिकीतूनच मिळालेले.

१३९९ मध्ये गॉन्टचा मुलगा चौथा हेन्री याने चुलत भाऊ दुसऱ्या रिचर्डला पदच्युत करून गादी घेतली. रिचर्डला मूल नव्हते. परंतु थोरल्या पातीचा हिशेब लावला, तर गॉन्टच्या आधी लायोनेलचा वंश येत होता. लायोनेलला एकच मुलगी होती, फिलिपा. ती मॉर्टिमर घराण्यात दिली होती. तिची नात अ‍ॅन मॉर्टिमर हिचे लग्न यॉर्कच्या एडमंडच्या धाकट्या मुलाशी झाले. त्यांचा मुलगा म्हणजे यॉर्कचा ड्यूक रिचर्ड.

म्हणजे वडिलांकडून रिचर्ड हा चौथ्या मुलाचा वंशज होता. त्या नात्याने लँकेस्टरच्या मागे. आईकडून मात्र तो दुसऱ्या मुलाचा वंशज होता. त्या नात्याने लँकेस्टरच्या पुढे. स्त्रीकडून वारसा येतो असे मानले तर गादी यॉर्कची, येत नाही असे मानले तर लँकेस्टरची. सगळ्या भांडणाची कायदेशीर गाठ एवढीच. पण लँकेस्टरचे राजे स्वतः इझाबेलाच्या नात्याने फ्रान्स मागत होते. त्यामुळे स्त्रीकडून वारसा येतच नाही, असे त्यांना उघडपणे म्हणणे अवघड होते.

मग साठ वर्षे हा हक्क कुणी मागितला का नाही?

कारण गादीवरचा राजा कर्तबगार असेल तर वंशावळी कुणी उघडत नाही. पाचव्या हेन्रीने फ्रान्समध्ये विजय मिळवले. १४२० च्या त्र्वा येथील तहानुसार त्याने फ्रेंच राजकन्या कॅथरीनशी लग्न केले आणि तो फ्रान्सच्या गादीचा वारसही ठरला. पण १४२२ मध्ये तो अकाली गेला आणि नऊ महिन्यांचे मूल, सहावा हेन्री, राजा झाले. मोठेपणी हा राजा दुबळा निघाला. फ्रान्समधील मुलूख हातचा गेला. १४५३ मध्ये तर त्याचे मानसिक भान हरपले.

त्याची राणी, आंजूची मार्गारेट, हिने राजाच्या वतीने कारभार आपल्याकडे मागितला. उमरावांनी तो यॉर्कच्या रिचर्डकडे दिला. १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्स येथे पहिली लढाई झाली. १४६० मध्ये रिचर्डने पार्लमेंटपुढे आपली वंशावळ मांडून थेट गादी मागितली. त्यावर निघालेला तोडगा ११५३ ची आठवण करून देणारा होता : सहाव्या हेन्रीने हयातभर राज्य करावे, त्याच्यानंतर रिचर्ड आणि त्याच्या मुलांनी. यात मार्गारेटच्या सात वर्षांच्या मुलाचा हक्क बुडत होता. तिने ते मानले नाही. डिसेंबर १४६० मध्ये रिचर्ड लढाईत मारला गेला. तीनच महिन्यांनी टॉटनच्या लढाईत त्याच्या मुलाने, चौथ्या एडवर्डने, लँकेस्टरचा पराभव करून मुकुट मिळवला. ही इंग्लंडच्या भूमीवरील सर्वाधिक रक्तरंजित लढायांपैकी एक मानली जाते.

एका लग्नाने राज्य कसे उलटले?

राजाचे लग्न म्हणजे परराष्ट्र धोरण, असा तो काळ. चौथ्या एडवर्डचा मुख्य पाठीराखा वॉरिकचा अर्ल त्याच्यासाठी फ्रान्समध्ये स्थळ पाहत होता. राजाने मात्र १४६४ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशी गुपचूप लग्न केले. तिचा पहिला नवरा लँकेस्टरच्या बाजूने लढताना मारला गेला होता आणि तिला दोन मुलगे होते. वॉरिक तोंडघशी पडला. तिच्या मोठ्या गोतावळ्याला चांगली स्थळे आणि पदे मिळू लागली, तसा त्याचा राग वाढत गेला. त्याने आपली एक मुलगी राजाच्या भावाला, जॉर्जला, दिली. तेवढ्याने जमेना, तेव्हा दुसरी मुलगी अ‍ॅन थेट शत्रूच्या, म्हणजे मार्गारेटच्या, मुलाला दिली आणि १४७० मध्ये सहाव्या हेन्रीला पुन्हा गादीवर बसवले. काही महिन्यांतच हा डाव फसला. १४७१ मध्ये वॉरिक आणि मार्गारेटचा मुलगा लढायांत मारले गेले. सहाव्या हेन्रीचा मृत्यू लंडनच्या टॉवरमध्ये झाला.

एडवर्डच्या गुप्त लग्नाची किंमत त्याच्या मुलांनी मोजली. १४८३ मध्ये तो वारला तेव्हा थोरला मुलगा बारा वर्षांचा होता. राजाचा भाऊ रिचर्ड याने दावा केला, की एडवर्डचा वाङ्निश्चय आधीच दुसऱ्या एका स्त्रीशी झाला होता. तेव्हाच्या चर्चच्या नियमांनुसार असा वाङ्निश्चय लग्नाइतकाच बंधनकारक ठरू शकत असे. म्हणून वुडव्हिलशी झालेले लग्न अवैध आणि मुले अनौरस! दोन्ही राजपुत्र टॉवरमध्ये होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. काका तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला आणि पार्लमेंटने पुढल्या वर्षी त्यावर कायद्याची मोहोर उठवली.

हेन्री ट्युडरचा दावा किती बळकट होता?

फारसा नाही. पाचव्या हेन्रीची विधवा कॅथरीन हिने पुढे ओवेन ट्युडर या वेल्श गृहस्थाशी लग्न केले. त्यांचा मुलगा एडमंड हा हेन्रीचा बाप. या नात्यात इंग्लंडच्या राजाचे रक्त नव्हते. ते होते त्याची आई मार्गारेट बोफर्ट हिच्याकडे. ती जॉन ऑफ गॉन्टची पणती. पण बोफर्ट घराणे गॉन्टला लग्नाआधी झालेल्या मुलांपासून सुरू झाले होते. १३९७ मध्ये त्यांना औरस ठरवले गेले. १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने ‘राजपद वगळून’ अशी पुस्ती जोडली. मार्गारेटचे लग्न बाराव्या वर्षी झाले, नवरा वर्षभरात गेला आणि तेराव्या वर्षी ती आई झाली. हाच तिचा एकुलता एक मुलगा.

हेन्री ब्रिटनीत परागंदा होता. इकडे मार्गारेट आणि राजपुत्रांची आई एलिझाबेथ वुडव्हिल या दोघींनी आपल्या मुलामुलीची सोयरीक ठरवली. १४८३ च्या नाताळात रेन येथील कॅथेड्रलमध्ये हेन्रीने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न करण्याची जाहीर शपथ घेतली. या एका शपथेने तिसऱ्या रिचर्डवर नाराज असलेले यॉर्कचे लोक त्याच्याकडे वळले. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणांगणावर रिचर्ड मारला गेला.

जिंकल्यावर लग्नाला पाच महिने का लागले?

ही दिरंगाई सहेतुक होती. आधी लग्न केले असते तर ‘बायकोच्या जिवावर राजा झाला’ असे लोक म्हणाले असते. म्हणून हेन्रीने ३० ऑक्टोबरला राज्याभिषेक करवून घेतला. नोव्हेंबरमधील पार्लमेंटने गादी त्याची आणि त्याच्या वंशजांची आहे, एवढेच जाहीर केले. का आहे, हे सांगितले नाही आणि एलिझाबेथचे नावही घेतले नाही. तिला अनौरस ठरवणारा कायदा रद्द करून त्याच्या प्रती नष्ट करण्याचे आदेश निघाले. डिसेंबरमध्ये सभागृहानेच राजाला विनंती केली, की आता तिच्याशी विवाह करावा. दोघांचे पूर्वज एकच असल्याने पोपची परवानगीही लागली. राणी म्हणून तिचा राज्याभिषेक व्हायला नोव्हेंबर १४८७ उजाडला.

लाल आणि पांढरा गुलाब एकत्र करून ट्युडर गुलाबाचे चिन्ह तयार झाले. तरी वाद लगेच शमला नाही. १४८७ मध्ये लॅम्बर्ट सिम्नेल आणि १४९० च्या दशकात पर्किन वॉरबेक असे दोन तोतये उभे राहिले. चौथ्या एडवर्डच्या पुतण्याला लहानपणापासून कैदेत ठेवले होते. त्याला १४९९ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्याचा गुन्हा म्हणजे यॉर्क घराण्याच्या पुरुष वंशात झालेला जन्म.

या सोयरिकींचा मुंबईशी काय संबंध?

धागा लांबचा, पण खरा आहे. गॉन्टने दुसरे लग्न कॅस्टीलच्या राजकन्येशी करून तिथल्या गादीवरही दावा सांगितला होता. त्या मोहिमेत पोर्तुगालची मदत हवी म्हणून १३८६ मध्ये इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा तह झाला आणि १३८७ मध्ये गॉन्टची मुलगी फिलिपा पोर्तुगालच्या राजाला दिली गेली. ही मैत्री पुढील शतकांत पुन्हा पुन्हा लग्नांनी आणि तहांनी बांधली गेली. १६६१ मध्ये दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले.

विज्ञान आणि कायदा आज काय सांगतात?

२०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका पार्किंगखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. ओळख पटवली ती आईकडून मुलांना मिळणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएने. त्याच्या बहिणीच्या, लेकींच्या लेकींमधून आलेल्या वंशजांशी तो जुळला. बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र मात्र तिसऱ्या एडवर्डपासून कागदोपत्री अखंड पुरुष वंश सांगणाऱ्या आजच्या वंशजांशी जुळले नाही. मधल्या पिढ्यांत कुठेतरी बापाचे नाव एक आणि रक्त दुसरे, असे घडले होते.

इंग्लंडला अभिषिक्त सत्ताधारी राणी मिळाली ती १५५३ मध्ये, सातव्या हेन्रीची नात मेरी हिच्या रूपाने. मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा होण्यास मात्र एकविसावे शतक उजाडले. २०१३ मध्ये झालेला आणि २०१५ पासून लागू झालेला कायदा सांगतो, की २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या राजवंशातील मुलीला धाकट्या भावाच्या मागे ढकलता येणार नाही. मार्गारेट बोफर्टच्या वाट्याला यातले काही आले नाही. १४९९ पासून ती आपल्या सहीत नावापुढे ‘आर’ हे अक्षर लिहू लागली होती, राजाराणीच्या सहीत असते तसे. जून १५०९ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या हक्कावर राजा झालेला मुलगा दोन महिन्यांपूर्वी जाऊन नातू आठवा हेन्री गादीवर बसला होता.